गुरुवारी तीन ते चार

बेसिनच्या वरच्या भिंतीवर निळ्या रंगात, सुबक अक्षरांत एक वाक्य रंगवलेलं होतं आणि ते वाक्य तिचं होतं. हात धुता धुता तिनं मान वर केली आणि ते वाचलं. आधी नुसतं वाचलं, भिंतीवरच्या सूचना आपण वाचतो तसं, म्हणजे न वाचताच. ‘नमुना थंड ठेवल्यास अठ्ठेचाळीस तासांपर्यंत जंतूंच्या संख्येत लक्षणीय फरक पडत नाही.’ मग नजर ‘लक्षणीय’पाशी अडकली. पाण्याच्या पंपावरची माणसं लक्षणीय म्हणत नाहीत. ती म्हणतील, काही होत नाही, बिनधास्त ठेवा. लक्षणीय हा तिचा शब्द होता, गेली वीस-बावीस वर्षं तिच्या प्रत्येक अहवालात मिठासारखा पडणारा. वाक्याच्या खाली लहान अक्षरांत लिहिलं होतं : वाचन-वही, मुख्य प्रयोगशाळा. नळ चालूच राहिला. साबणाचा फेस मनगटावरून कोपराकडे उतरत गेला आणि बाहीत शिरला, तेव्हा कुठे तिला हात खाली घ्यायचं सुचलं.

“वाचलंत ना?” मागून काकांचा आवाज आला. पाणी गाळण्याच्या या केंद्रावरचे ते सगळ्यात जुने ऑपरेटर. केंद्रात सगळेच त्यांना काका म्हणत, त्यांच्यापेक्षा मोठे असलेलेसुद्धा. “टाकीवर नंबर टाकायला पेंटर आला होता. म्हटलं, ब्रश हातात आहे तोवर हेही ओढून टाक. खाली आमच्या मॅडमचं नाव घाल म्हणालो होतो, पण तो म्हणाला जागा पुरणार नाही.”

ती हसली असावी. चेहऱ्याचे स्नायू हलल्याचं तिला जाणवलं. शहराच्या या टोकाला ती सहा वर्षांनी येत होती. नमुने गोळा करणारा माणूस रजेवर होता, दुसरं कोणी मोकळं नव्हतं, आणि मुख्य केमिस्टनं एखाद्या दिवशी स्वतः चार बाटल्या भरून आणल्या तर काही बिघडत नाही, असं सकाळी तिनंच सगळ्यांसमोर म्हटलं होतं. म्हणताना जरा बरंही वाटलं होतं. टेकडीवरची मोकळी हवा, गाळण-टाक्यांवरून सरकणारा पाण्याचा पातळ पडदा, पंपांची पायांतून वर येणारी घरघर. आल्याबरोबर तिनं काकांना म्हटलंसुद्धा होतं, “किती वर्षं झाली हो, इथे यायला वेळच मिळत नाही.” वेळच मिळत नाही. हे वाक्यही तिचंच, तेवढं अजून कोणी भिंतीवर रंगवलं नव्हतं.

“तुमच्या एका ओळीनं आमचा जन्म सुखाचा केला,” काका फ्रीजचं दार उघडून दाखवत होते. आत लोखंडी जाळीवर बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी. “आधी काय ताप होता! भल्या सकाळी बाटल्या भरा, गाडीची वाट बघा, दुपारच्या आत तुमच्याकडे पोचल्या नाहीत की तुमच्या माणसांच्या शिव्या खा. आता कसं, सोमवार-मंगळवारचं बुधवारी जातं, गुरुवार-शुक्रवारचं शनिवारी. आठवड्याला दोन फेऱ्या. गाडीवाला खूश, आम्ही खूश.” तिनं एक चिठ्ठी उलटी करून पाहिली. परवाची तारीख, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. तिच्या टेबलावर जो अहवाल सहीसाठी येतो, त्यात बाटली प्रयोगशाळेत पोचल्याची तारीख छापलेली असते, भरल्याची नसते. कागदाचा तो नमुना कधी काळी तिनंच ठरवला होता, एक रकाना कमी व्हावा म्हणून. तिनं चिठ्ठी सोडली. ती बाटलीच्या गळ्याशी जराशी झुलली आणि थांबली.

काका चहाचं सांगायला गेले आणि ती खिडकीजवळच्या स्टुलावर बसली. वाक्य तिचं होतं, पण कुठलं होतं? आठवायची गरज नव्हती. ते नजरेला पडल्या क्षणापासून सगळं आठवत होतं, फक्त ती त्याच्याकडे पाठ करून बसली होती. वाचन-वही ही सरांची. प्रयोगशाळेचे जुने प्रमुख. त्यांना सगळे मागे ‘गुरुवार’ म्हणत. सोमवारी सर जिन्यात दिसले तरी कोणीतरी कुजबुजायचं, “गुरुवार आला रे.” कारण गुरुवारी तीन ते चार त्यांनी वाचनाचा तास ठेवला होता. फोनचे रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेले, दाराला आतून कडी, लांबट टेबलाभोवती बारा खुर्च्या, आणि प्रत्येकासमोर आपापल्या विषयातला एक नवा शोधनिबंध. तास संपला की वहीत दोन ओळी लिहायच्या : काय वाचलं, त्यातून काय कळलं. पहिल्याच गुरुवारी कोणीतरी म्हणालं होतं, सर, कामातून वेळ मिळत नाही हो. सर म्हणाले, “मिळणार नाहीच. तो काढावा लागतो, दात काढतात तसा. दुखणार. पण किडलेला तोंडात ठेवून हसत बसण्यापेक्षा बरं.” सगळे हसले होते. ती सगळ्यात जास्त, कारण तिला यातलं काहीच दुखत नव्हतं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, बसच्या रांगेत उभ्यानं वाचायची, जेवताना वाचायची, आणि एखाद्या आलेखातली रेघ अचानक वाकलेली दिसली की तिच्या पोटात काहीतरी हलायचं, जवळचं माणूस गर्दीत दिसावं तसं. तिच्या दोन ओळी कधी दोन राहत नसत. समासात चढायच्या, पानाच्या पाठीवर जायच्या. सर म्हणायचे, “बाई, वहीला अंत आहे.”

मग तास कोणी खाल्ला? हा प्रश्न तिनं आजवर स्वतःला विचारला नव्हता, आणि आता विचारल्यावर उत्तर इतकं साधं निघालं की तिला शरम वाटली. कोणीच खाल्ला नव्हता. वार्षिक अहवालाच्या आठवड्यात तिनं एकदा निबंधाखाली अहवालाची पानं घेतली, एकच गुरुवार. मग मुलगा लहान होता तेव्हा दुपारी शाळेतून फोन यायचे, म्हणून तिनं रिसीव्हर जागेवर ठेवायची परवानगी मागितली. मग सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. मग बढती झाली, आणि बढती म्हणजे दुसऱ्यांच्या कामांवर सह्या. गुरुवार हा कामाच्या आठवड्यातला सगळ्यात मऊ तुकडा होता आणि दात सगळ्यांनाच होते. निबंध समोर असायचा. ती शीर्षक वाचायची, सारांशातली पहिली ओळ वाचायची, शेवटची ओळ वाचायची आणि मधलं स्वतःच्या अनुभवानं भरून काढायची. ते इतकं बरोबर यायचं की पुढे पहिली ओळसुद्धा लागेनाशी झाली. याला खोटं म्हणावं असं तिच्या मनात कधी आलं नाही. मनातल्या मनात ती त्याला उरकणं म्हणायची. भांडी उरकणं, इस्त्री उरकणं, वाचन उरकणं. आणि घरी, नवरा मुलाला सांगायचा, “आईकडे बघ. या वयात, एवढ्या कामात, दर आठवड्याला एक नवी गोष्ट शिकते.” मुलगा मान खाली घालून पुस्तक उघडायचा. ती भाजी चिरत असायची. चिरतच राहायची.

काका चहा घेऊन आले. दोन कप, एक बशी नसलेला. तो त्यांनी स्वतःकडे ठेवला. तिला गरम कप हातात धरवत होता, इतकंच तिला त्याच्याबद्दल कळत होतं. ती गुरुवारची वेळ तिच्या डोळ्यांसमोर आता अगदी स्वच्छ उभी होती, सूक्ष्मदर्शकाची नळी फिरवता फिरवता एकाएकी पेशीची कड लख्ख दिसावी तशी. चार वर्षांपूर्वीची. सरांच्या निवृत्तीआधीचे शेवटचे काही महिने. तिच्यासमोरच्या निबंधावर तिनं दुपारी डबा ठेवला होता आणि तेलाचं गोल वर्तुळ बरोबर सारांशावर उमटलं होतं. शीर्षक वर्तुळाबाहेर होतं, आणि ते शीर्षक एक प्रश्न होता : पिण्याच्या पाण्याचे नमुने थंड साठवल्याने जंतूंच्या संख्येत फरक पडतो का? तासभर तिनं सासूबाईंच्या दवाखान्याचे कागद लावले होते. चार वाजायला पाच मिनिटं होती. वही तिच्यापाशी सरकत आली. आणि तिनं प्रश्नाचं उत्तर दिलं. परीक्षेत देतात तसं, पूर्ण वाक्यात. पडत नाही. अठ्ठेचाळीस तासांपर्यंत. हा आकडा कुठून आला? आकडा आकाशातून पडला नव्हता. त्याच दिवशी सकाळी टेकडीच्या गाडीवाल्याचा फोन आला होता, रोजची फेरी जमत नाही म्हणून तो भांडला होता, आणि दोन दिवसांतून एकदा गाडी पाठवता आली तर किती बरं होईल, असं तिनं फोन ठेवताना मनाशी म्हटलं होतं. दोन दिवस म्हणजे अठ्ठेचाळीस तास. तिनं शास्त्राच्या भाषेत आपली सोय लिहिली होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षात पाठ केलं होतं की जंतूंचा नमुना जितक्या लवकर तपासायला लावाल तितका बरा. ते ती विसरलीही नव्हती. नवीन संशोधनात वेगळं निघालं असेल, इतकंच तिनं त्या पाच मिनिटांत स्वतःला समजावलं. न वाचलेल्या संशोधनात काहीही निघू शकतं.

महिन्यातला सगळ्यात उपयोगी सारांश सर टाइप करून सगळ्या केंद्रांना पाठवत. त्या महिन्यात त्यांनी हा निवडला. “बाई, ही खरी शिकलेली ओळ,” ते म्हणाले होते. “वाचलं आणि कामाला लागलं.” आणि तीन महिन्यांनी जाताना तास तिच्या हाती सोपवून गेले. आता त्या खोलीत रसायनांची खोकी असतात. वही मात्र अजून चालू आहे. महिन्याच्या शेवटी सगळे जण चारही गुरुवार एका बैठकीत लिहून टाकतात, पेन बदलून बदलून, आणि ती त्याखाली सही करते.

“काका,” ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा कोरडा निघाला. “खालच्या वस्तीत पोटाच्या तक्रारी असतात का?”

“पोटाच्या?” काकांनी कप खाली ठेवला. “असतात की. कुठे नसतात? पण पाण्याचा काही संबंध नाही हं त्यात, ते आपण तपासून घेतलेलं आहे. आमच्याच घरचं घ्या ना.”

आणि त्यांनी सांगितलं. हवापाण्याबद्दल सांगावं तितक्या सहज, मध्ये मध्ये उठून पंपाच्या दाबाचा काटा बघत. टेकडीच्या पायथ्याला कर्मचाऱ्यांच्या खोल्या आहेत, तिथेच त्यांचं बिऱ्हाड. नात तीन वर्षांची. दर दोन-तीन आठवड्यांनी जुलाब, उलट्या, पोर नुसती काडी झालेली. डॉक्टर म्हणाले पाणी तपासा. काकांनी स्वतः घरच्या नळाची बाटली भरली, इतर बाटल्यांबरोबर फ्रीजमध्ये ठेवली, पाठवली. एकदा नाही, तीनदा. “तिन्ही वेळा स्वच्छ. तुमची सही होती की! मी तो कागद स्वयंपाकघरात चिकटवला. म्हटलं, पाण्याचं नाव कोणी काढू नका.” मग पाणी नाही तर काय? काकूंनी उत्तर शोधलं. सून नोकरी करते, घाईत असते, हात धुते की नाही देव जाणे. भांड्याला साबण राहतो. पोरीची बाटली नीट उकळत नाही. “आमची ही जरा बोलायला तिखट. सुनेला त्या कागदासमोर उभी करायची. म्हणायची, वाच, पाणी चांगलं आहे, मग आता हात कोणाचे?” काका हसले आणि हसू अर्ध्यावर सोडून दिलं. “ती पण हट्टी. दोन वेळा भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची. हाताची सालं निघाली. शेवटी आठ महिन्यांपूर्वी पोरीला घेऊन गेली माहेरी. मुलगा जातो-येतो. तिकडे पोर ठणठणीत आहे म्हणे. आता बोला! म्हणजे आमची ही म्हणत होती ते काही अगदीच खोटं नव्हतं. तिथे आजीच्या हातचं खाते ना.”

तिला आठवत होतं की ते तीन अहवाल तिला आठवत नाहीत. रोज चाळीस-पन्नास सह्या. हात सही करतो तेव्हा मन पुढच्या कागदावर गेलेलं असतं. एका बाईला रोज आपल्या सहीसमोर उभं केलं जात होतं आणि आपण त्या वेळी काय करत असू? बहुधा कामात असू. फार कामात. तिला एकदम हातांचा विचार आला, साल निघालेल्या तळव्यांवर साबण लागल्यावर होते त्या आगीचा, आणि तिनं स्वतःचे हात पदराखाली घेतले.

काका दर तासाची नोंद करायला पंपांकडे गेले. तिनं फोन काढला. निबंधाचं शीर्षक तिला शब्दन्‌शब्द पाठ होतं. वाचलेला भाग तेवढाच होता. तो लगेच सापडला. सगळा, फुकट, अकरा पानांचा. गेली चार वर्षं तो असाच उघडा पडून होता. तिनं वाचायला सुरुवात केली आणि पहिल्या पानावर दोनदा अडखळली. डोळे आपोआप शेवटच्या ओळीकडे पळत होते, खुंट्याला सैल बांधलेल्या जनावरासारखे, आणि ती त्यांना ओढून परत आणत होती. मग पद्धत आली. किती ठिकाणचं पाणी, कुठल्या बाटल्या, कुठलं तापमान, मोजणी किती वेळा. माणसांनी किती निगुतीनं केलं होतं! एका जागी त्यांनी स्वतःच्याच पहिल्या निकालावर शंका घेऊन सगळे नमुने पुन्हा लावले होते. तिसऱ्या पानावर आलेख होता. रेघ सहा तासांपर्यंत जवळजवळ सरळ, मग हळूच झुकलेली, चोवीस तासांशी निम्म्यावर, आणि अठ्ठेचाळीसला तळाशी. दहातला एक उरलेला. म्हणजे बाटली भरली तेव्हा तिच्यात जे जिवंत होतं, त्यातलं बहुतेक फ्रीजमध्येच मेलं, आणि तिची माणसं रिकाम्या काचेकडे बघून स्वच्छ असं लिहीत राहिली. हे कळायला हवं होतं तसं कळलं, छातीवर बसलं. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, रेघ वाकलेली पाहिली तेव्हा तिच्या पोटात ते जुनं काहीतरी हललं होतं. गर्दीत जवळचं माणूस दिसल्यासारखं. या क्षणीसुद्धा! तिला स्वतःची किळस आली आणि रडू आलं, आणि कशाचं कुठलं हे तिला वेगळं करता येईना. तिनं निबंध शेवटपर्यंत वाचला. तळटिपांसकट. घड्याळ पाहिलं. अडतीस मिनिटं लागली होती.

अडतीस. तासातली बावीस उरलीच असती. दवाखान्याचे कागद त्यातही लावून झाले असते.

आता तिचं डोकं वेगानं चालायला लागलं, आणि ते कुठे चाललं आहे हे ती जरा बाजूला उभी राहून बघत होती. सगळ्या केंद्रांना उद्या एक सुधारित सूचना. ‘नव्याने उपलब्ध झालेल्या माहितीनुसार नमुने सहा तासांच्या आत पोचवावेत.’ रोजच्या फेरीची मागणी. अहवालात एक रकाना वाढवायचा. कोणी विचारणार नाही. सूचना बदलतच असतात, उलट लोक म्हणतील, मॅडम अजून वाचत असतात. वाक्य तयारसुद्धा झालं होतं, त्यात लक्षणीय हा शब्दही आपसूक बसला होता. पाणी पुन्हा नीट तपासलं जाईल. दोष असेल तिथे नळाचे जोड बदलतील. सगळं सुरळीत. फक्त एका स्वयंपाकघरातला कागद भिंतीवर तसाच राहील, आणि एक बाई आयुष्यभर घाणेरड्या हातांची राहील. सुधारित सूचना त्या भिंतीपर्यंत पोचत नाही. नव्याने उपलब्ध. तिनं ते शब्द पुन्हा मनात म्हटले आणि तिला कळलं की आपण पुन्हा उरकतो आहोत.

काका परत आले तेव्हा ती उभी होती.

“काका, ते भिंतीवरचं वाक्य चुकीचं आहे.”

“लिहिताना चुकला का पेंटर? तरी मी त्याला म्हटलं होतं—”

“पेंटर नाही. मी. दोन दिवस ठेवलेल्या बाटलीत जंतू मरतात. पाण्यात असले तरी आपल्याला दिसत नाहीत. चार वर्षं तुमच्याकडून आलेले नमुने स्वच्छ निघाले त्याला काही अर्थ नाही. तुमच्या घरच्या तिन्ही बाटल्यांनासुद्धा.”

काका तिच्याकडे बघत राहिले. मग फ्रीजकडे. “म्हणजे पाणी खराब होतं?”

“माहीत नाही.”

“मग चांगलं होतं?”

“तेही माहीत नाही. मला माहीत नव्हतं आणि मी सही करून सांगितलं, की चांगलं आहे.”

“पण…” त्यांनी भिंतीकडे हात केला. हात अर्धवट वर राहिला. “ते तर तुम्ही वाचून लिहिलेलं ना? वाचन-वहीत?”

“नाही. न वाचता लिहिलं.”

“न वाचता?” काकांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला उभं राहायला काहीतरी मिळालं असतं. त्यांना खरोखरच समजत नव्हतं. “न वाचता कसं लिहितात?”

पंपघरातलं घड्याळ वाजलं. काका वळले, काट्यापाशी गेले, आकडा पाहिला, तो नोंदीत लिहिला, पुन्हा काट्याकडे पाहिलं आणि लिहिलेला आकडा बोटानं पडताळला. पस्तीस वर्षं दर तासाला ते हेच करत आले असतील. त्यांची पाठ तिला दिसत होती.

तिनं प्रयोगशाळेत फोन लावला. टेकडीकडचे या आठवड्याचे अहवाल थांबवायला सांगितले, तिकडच्या फ्रीजमधलं काही तपासायला लावू नका म्हणाली, मी आता नव्या बाटल्या घेऊन निघते, तासाभरात पोचते, जंतू वाढवायचं माध्यम तयार ठेवा. पलीकडे कोणीतरी विचारलं, काय झालं मॅडम, आणि ती म्हणाली, “आल्यावर सगळ्यांना एकदम सांगते.” मग काकांना म्हणाली, “खाली वस्तीत आजपासून पाणी उकळून प्यायला सांगा. निकाल येईपर्यंत. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

“सांगतो,” काका म्हणाले. ते खिशात हात घालून काहीतरी शोधत होते. चष्मा निघाला, मग किल्ल्या, मग फोन. “घरी हिला मी सांगेन काय ते. पण सूनबाईला मी नाही सांगू शकत.” त्यांचा अंगठा पडद्यावर नाव शोधत होता. “मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारा परत बोलावण्यासाठी गोष्ट रचतोय. दोनदा रचली होती मी, खोटं कशाला बोलू. तुम्ही बोला.”

फोन तिच्या हातात आला तेव्हा घंटी वाजत होती. तिनं वाक्य जुळवायला घेतलं आणि सोडून दिलं. चौथ्या घंटीला पलीकडे फोन उचलला गेला. मागे टंकलेखनाची टकटक, कुणाचं तरी हसणं. एखादं ऑफिस असावं.

“हां बाबा, बोला.”

“बाबा नाही. मी पाण्याच्या प्रयोगशाळेतून बोलते. तुमच्या घरच्या पाण्याच्या अहवालावर सही करते ती.”

टकटक थांबली. “ती सही मला डोळे मिटून काढता येईल,” आवाज म्हणाला. अगदी शांत, कामातल्या माणसाचा आवाज. “बोला.”

ती बोलली. थोडक्यात, क्रमानं, काही न गाळता. बाटल्या किती तास पडून होत्या, त्यात काय होतं, काय दिसायचं राहतं. पाणी वाईट होतं असं मी म्हणत नाही, ते दोन दिवसांत कळेल. पण ते चांगलं आहे असं तुम्हाला जे तीनदा सांगितलं गेलं, त्याला आधार नव्हता. तो कागद दाखवून तुम्हाला कोणी काही म्हटलं असेल, तर त्या कागदात तसं म्हणण्याइतकं काही नव्हतं. समोर काका भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होते.

“हे तुम्हाला कधी कळलं?” मग त्या बाईनं विचारलं.

आज. तोंडाशी आलं होतं. आज दुपारी, तुमच्या सासऱ्यांच्या केंद्रावर, स्टुलावर बसून. ते खरंही होतं. निबंध तिनं आजच वाचला होता, आकडे आजच पाहिले होते. या शब्दापाशी थांबलं तर पलीकडची बाई कदाचित म्हणेल, बरं, निदान कळल्या कळल्या सांगितलंत. त्या बाईनं ते म्हणावं अशी तिला फार इच्छा झाली.

“चार वर्षांपूर्वी,” ती म्हणाली. “एका गुरुवारी. चार वाजायला पाच मिनिटं होती. मी काही वाचलेलं नाही, हे मला तेव्हा माहीत होतं.”

पलीकडे कोणीतरी खुर्ची मागे सरकवली. फोन ठेवला गेला नाही. ती तो कानाशी धरून, पुढचा प्रश्न येण्याची वाट बघत उभी राहिली.